थोरलीचं औक्षण

शैलेंद्रने पिकनिकच्या टेबलावरची सुकी पानं हाताने झाडली, सॅकमधून साडी काढली आणि उलगडून बघितली. मोतिया रंगाचं टसर, त्याला लाल करवती काठ. मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून ब्लाउज काढून साडीवर ठेवला.

“आईनं शिवूनच पाठवला,” तो म्हणाला. “ताईचं माप होतं टेलरकडे. पंधरा वर्षांपूर्वीचं.”

सुमंतने पार्किंगकडे पाहिलं. पिवळ्या बसमधून शाळेची मुलं उतरत होती. एक बाई त्यांना रांगेत उभं करत होती.

“घडी घाल,” सुमंत म्हणाला.

“काहून?”

“लोक बघताहेत.”

“बघू द्या न. त्यांना काय समजते साडीतलं?” असं म्हणत शैलेंद्रने साडीची घडी घातलीच. “रुहीशी बोलले न तुम्ही?”

सुमंतने थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि मेहुण्यापुढे सरकवला.

“भाऊजी, बोलले न?”

“नाही.”

“अहो, मी आठ दिवसांपासून तुमच्या मागं लागलो...”

“तूच विचार तिला. तुझ्या आईचं काम आहे.”

शैलेंद्रने घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी होते. नागपुरात संध्याकाळचे सात वीस झाले असतील. तिथे आज कोजागिरी होती. कोजागिरीला आई आपल्या थोरल्या लेकराला ओवाळते, नवं कापड देते. त्यांच्या घरात त्याला आश्विनी म्हणत. थोरली उत्तरा. लग्न होऊन अमेरिकेत आली, तरी तिच्या आईने तीस वर्षांत एकही आश्विनी चुकवली नव्हती. आधी फोटोला ओवाळायची, पुढे व्हिडिओ कॉलवर ओवाळायला लागली. आज सव्वाआठला, चंद्र गच्चीवर आला की ती फोनसमोर निरांजन धरणार होती.

उत्तरा फेब्रुवारीत गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळल्यापासून सात आठवडे. त्याच दिवशी शैलेंद्र फोनवर म्हणाला होता, आईला एवढ्यात सांगू नका, तिचा पेसमेकर बसून पंधरा दिवस झालेत, महिन्याभराने मी बघतो. सुमंत तेव्हा कशालाही हो म्हणत होता. फ्यूनरल होमच्या माणसाने पुढे केलेल्या प्रत्येक कागदावर न वाचता सही करत होता. त्या महिन्याचे आठ महिने झाले. उत्तराच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज यायला वेळ लागेल, असं आईला सांगितलेलं होतं. उत्तराचे मेसेज शैलेंद्र लिहायचा. शेजारच्या खोलीत बसून आपल्याच फोनवर लिहायचा आणि मग आईजवळ येऊन वाचून दाखवायचा.

सुमंतच्या इथल्या, हर्नडनच्या घरात उत्तराचा फोटो भिंतीवर नव्हता. आई मधूनच सुमंतला व्हिडिओ कॉल करायची, घर दाखवा म्हणायची. त्यामुळे फोटो बेडरूमच्या कपाटात होता, हारासकट. फेसबुकवर कुणी काही लिहायचं नाही, मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचं नाही, असं सुमंतने भेटायला आलेल्या प्रत्येकाला दारातच सांगितलं होतं. नागपूरचं कुणी ना कुणी सगळीकडे असतं. लोकांनी ऐकलं. मग हळूहळू लोक तिचं नाव घ्यायचेच थांबले.

शैलेंद्र आला होता मुलाला भेटायला. त्याचा अर्णव अमेरिकेतच अल्फारेटा शहरात नोकरीला लागला होता. अमेरिकेला चाललाच आहेस तर ताईची साडी घेऊन जा, असं आई म्हणाली. ताई नेसलेली मला दिसली पाहिजे, जुने फोटो पाठवू नका, असंही म्हणाली. शैलेंद्रला नाही म्हणता आलं नाही.

“हे शेवटचं,” सुमंत म्हणाला. “आज काय करायचं ते कर. उद्या तुझ्या आईला सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन.”

“गाडीत तीन वेळा म्हणून झालं तुमचं.”

“हे चौथ्यांदा.”

“सांगा न. खुशाल सांगा. तिकडं आईला काही झालं, की मग...” शैलेंद्रने पुढचं चहाबरोबर गिळलं.

रुही आत होती, सोळाशे नऊ सालात. जेम्सटाउनला इंग्रजांच्या अमेरिकेतल्या पहिल्या कायमच्या वस्तीची नक्कल उभारलेली आहे. ओंडक्यांचं उंच कुंपण, गवताने शाकारलेली घरं, चर्च, दोन तोफा. तिथे पगारी माणसं त्या काळचे कपडे घालून वावरतात, चूल पेटवतात आणि आलेल्या लोकांना आपली म्हणून त्या वस्तीची हकिगत सांगतात. सुमंत आणि उत्तराची ही एकुलती एक मुलगी इतिहास शिकून तीन वर्षांपासून हे काम करत होती.

दोघे आत गेले तेव्हा ती एका घरासमोर उभी होती. अंगात जाड लोकरीचा झगा, डोक्यावर पांढरी कापडी टोपी, हाताला राख. मागे चुलीवर काहीतरी शिजत होतं.

“अमेरिकेत जन्मून चूलच फुंकायची होती,” शैलेंद्र हळूच म्हणाला, “तर आमच्या गोंदियाला पाठवायची होती. चांगल्या मोठ्या चुली आहेत तिथं.”

उत्तरा इथे यायची तेव्हा घोळक्यात सगळ्यात मागे उभी राहायची आणि घरी परतताना गाडीत रुहीच्या चुका सांगायची. हात फार हलवते. शेवटची वाक्यं घाईत बोलते.

शाळेची मुलं जमिनीवर बसली होती. रुही इंग्रजीत सांगत होती.

“हिवाळ्याआधी आम्ही तीनशेच्या आसपास होतो. मग कुंपणाबाहेर जाणं बंद झालं. जो बाहेर गेला तो परत आला नाही. आतलं धान्य संपलं. आम्ही घोडे खाल्ले. मग कुत्री. मग उंदीर. त्यानंतर बुटांचं चामडं उकळलं.”

मुलं ओरडली. एका मुलीने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“मे महिन्यात जहाज आलं तेव्हा आम्ही साठ उरलो होतो,” रुही म्हणाली.

“बाकीच्यांना कुठे पुरलं?” मुलांबरोबर आलेल्या बाईंनी विचारलं.

“बरेचसे इथेच. कुंपणाच्या आत. तुम्ही बसलाय तसल्याच जमिनीत.” मुलं चुळबुळली. “आम्हाला इथे पाठवणाऱ्या कंपनीने निघतानाच लेखी सूचना दिल्या होत्या. माणूस आजारी पडला तर बाहेरच्यांना दिसू द्यायचा नाही. मेला तर कळू द्यायचं नाही. ज्यांची ही जमीन होती, त्या पॉहाटन लोकांना आम्ही किती कमी झालोय ते समजलं असतं, तर आम्ही टिकलो नसतो. म्हणून वर खूणसुद्धा ठेवली नाही.”

“घरी पत्रं लिहिली असतील ना तुम्ही?”

“त्याचीही सूचना होती. दुसऱ्यांचा धीर खचेल असं काही लिहायचं नाही.”

“मग तिकडे घरच्यांना काय वाटत होतं?”

“आम्ही मजेत आहोत,” रुही म्हणाली आणि हसली. हे ती रोज म्हणत असावी, रोज असंच हसत असावी.

शैलेंद्र सुमंतच्या कानाशी आला. “हे तुमच्यासारखेच की भाऊजी. कंपनीनं पाठवलेले. अन् घरच्या चिठ्ठीत सगळं छान छान.”

सुमंतने वळून त्याच्याकडे बघितलं. शैलेंद्रचं हसू तिथेच थांबलं. त्याने खिशातला फोन उगाच बाहेर काढला आणि परत ठेवला.

साडेदहाला मुलं तोफेकडे गेली. रुही धावत आली, राखेचे हात लांब धरून तिने मामाला कोपरांनीच मिठी मारली.

“मामा! किती बारीक झालास तू! अर्णव जेवायला देत नाही का?”

“तो काय देतो? तीन दिवस पिझ्झा खाल्ला मी. तुझी ही खिचडी देते का?”

“ही मक्याची पेज आहे. मीठ नाही त्यात. खाशील?”

“नको बाप्पा. चामडं बरं.”

ती मोकळी हसली. मग शैलेंद्रने सॅक पुढे घेतली आणि साडीबद्दल सांगितलं. आधी साडीबद्दल, मग आश्विनीबद्दल, मग आई आत्ता गच्चीवर खुर्ची टाकून बसली असेल त्याबद्दल. सांगताना तो कुंपणाकडे बघत होता.

“म्हणजे मी आई व्हायचं,” रुही म्हणाली.

“दोन मिनिटं फक्त. बोलायचं काहीच नाही तुला, घसा आहे न. लांबून धरू फोन. आईला एका डोळ्यानं तसंही धूसर दिसते.”

“मामा, मी दिवसभर मेलेलीच बाई असते. त्याचा पगार मिळतो मला.”

“रुही,” सुमंत म्हणाला.

“बाबा, तुला माहीत होतं हे?”

ती नाही म्हणेल, याची सुमंतला खात्री होती. त्या एका नकारासाठी तो पहाटे उठून अडीच तास गाडी चालवत आला होता. शैलेंद्रला तो नकार रुहीच्या तोंडून ऐकू जावा, म्हणजे आपल्याला काही बोलावं लागणार नाही, असं त्याने ठरवलं होतं.

रुही साडीच्या काठावर नजर ठेवून उभी होती. हाताला राख होती म्हणून तिने हात लावला नाही.

“सव्वाअकराला माझा पुढचा ग्रुप आहे,” ती म्हणाली. “आण इकडे.”

ती टेबलापाशी आली तेव्हा पावणेअकराला पाच मिनिटं होती. ब्लाउज दोन्ही बाजूंनी पिनांनी आत घेतला होता. केसांचा अंबाडा बांधला होता. निऱ्या कशाबशा खोचल्या होत्या आणि खाली एका बाजूला लोंबत होत्या. साडीखालून सोळाशे नऊ सालचे चामड्याचे बूट दिसत होते.

“बूट येणार नाहीत फ्रेममध्ये,” शैलेंद्र म्हणाला. “इथं उभी राहा. मागं झाडं येऊ दे. घराचं मागचं आवार वाटलं पाहिजे.”

सुमंत तिच्याकडे बघत राहिला. मग तो खाली बसला, एक गुडघा गवतात टेकवला आणि निऱ्यांची टोकं एकेक करून जुळवली, खाली ओढली. उत्तरा कुठल्याही कार्याला निघाली की हे काम त्याचं असायचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“पदर जरा पुढे घे,” तो खालूनच म्हणाला. “उजव्या हाताशी धर. ती धरायची तसा.”

रुहीने धरला.

“थांब.” तो उठला, पार्किंगमध्ये गाडीपर्यंत गेला आणि परत आला. त्याच्या हातात उत्तराचा चष्मा होता. शर्टाच्या टोकाने त्याने काचा पुसल्या.

“हा गाडीत कसा?” शैलेंद्रने विचारलं.

“गाडीतच असतो.”

रुहीने चष्मा घातला आणि डोळे बारीक केले. शैलेंद्र मागे सरकला. त्याने तोंडावर हात ठेवला आणि मग तो हात हनुवटी खाजवायला नेला.

फोन सुमंतने धरला. शैलेंद्रने नंबर लावला. पलीकडे आधी शैलेंद्रच्या बायकोचं, राधिकाचं कपाळ दिसलं, मग गच्ची, मग प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली आई. मांडीवर ताट. निरांजन पेटलेलं होतं.

“दिसली का आई?” राधिकाचा आवाज आला.

“दिसली. अगं बाई. दिसली.” आई पुढे वाकली. “शोभली ग तुला. मी म्हटलं होतं न राधिका, मोतिया शोभते तिला. बोलू नको, बोलू नको. मान हलव नुसती. दुखते का अजून?”

रुहीने मान हलवली. नाही.

“काढा घेतेस?”

हो.

पडद्यावर आईचं बोट मोठं होत आलं आणि सगळं लाल अंधारलं. ती फोनवरच्या कपाळाला कुंकू लावत होती. मग अक्षता पडल्या. टपटप आवाज आला.

“आई, फोनवर तांदूळ नका न टाकू, पुसता येत नाही नीट,” राधिका म्हणाली.

“गप ग तू.”

मग ताट फिरायला लागलं. ज्योतीचा पिवळा ठिपका पडद्यावर डावीकडून वर, वरून उजवीकडे गेला. आई काहीतरी पुटपुटत होती. शेवटचं तेवढं ऐकू आलं. “शंभर वर्षांची हो.” शैलेंद्रने झाडाकडे तोंड केलं.

“उत्तरा,” आई म्हणाली. “रुहीला ओवाळलंस?”

रुही तशीच उभी राहिली.

“तीही थोरलीच की. तुझ्या गडबडीत तिची राहायला नको. कुठाय ती? बोलव तिला, माझ्यासमोरच ओवाळ.”

रुहीने चष्म्याआडून सुमंतकडे पाहिलं. शैलेंद्रही वळून त्याच्याकडे बघायला लागला. सुमंतचा हात अवघडला होता. त्याने फोन दुसऱ्या हातात घेतला.

“रुही कामावर गेलीये, आई,” तो म्हणाला.

“आज पण?”

“हो. आज पण.”

“मग संध्याकाळी आली की ओवाळ हो, उत्तरा. विसरू नको. आईनंच ओवाळावं लागते.”

रुहीने मान हलवली. हो.

“आई, आता तिची गोळीची वेळ झालीये,” सुमंत म्हणाला. “ठेवतो.”

फोन बंद झाला. तोफेकडून मुलांच्या टाळ्या ऐकू आल्या.

“झालं बाप्पा,” शैलेंद्र बाकावर बसला. त्याचा शर्ट पाठीवर ओला झाला होता. “झालं एकदाचं. आता उद्याचं उद्या बघू.”

“उद्या नाही,” रुही म्हणाली. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाबा, आज. आत्ता. आजी जागी आहे. मामी जवळ आहे तिच्या.”

“रुही, आज सणाचा दिवस...”

“मामा, तिने विचारलं रुही कुठाय. अन् मी मान हलवली. मी तिथेच होते.” तिने पदराची पिन काढायला घेतली. पिन निघत नव्हती. “मी कॉलेजला होते तेव्हा आई मला फोनवर ओवाळायची. डॉर्ममध्ये. माझ्या रूममेट्स हसायच्या. मी पण हसायचे. एकदा तर मी म्यूट केलं होतं तिला.”

तिने पिन पुन्हा ओढली.

“आजीला सांग. मग आजी मला ओवाळेल. आईची आई आहे ती, तिचं चालत असेल. पण तिच्यासाठी मी आधी असायला तर पाहिजे ना.”

पिन निघाली. तिच्या बोटाला रक्त आलं. तिने ते चोखलं, साडीला लागू दिलं नाही.

शैलेंद्र हातातल्या फोनकडे बघत होता.

“सांगा भाऊजी,” तो शेवटी म्हणाला. “माझ्यानं नाही होत. पण आता मेसेज वाचून दाखवणंही नाही होत. परवा आई म्हणे, हल्ली उत्तरा अगदी तुझ्यासारखं लिहायला लागली. सांगा तुम्ही. मी राधिकाला आधी मेसेज टाकतो, डॉक्टरचा नंबर काढून ठेव म्हणून.”

“प्रॉमिस?” रुहीने सुमंतला विचारलं.

“हो,” सुमंत म्हणाला. “हेच तर मी आठ महिने म्हणतोय.”

ती कपडे बदलायला गेली. सुमंतने चष्मा उचलून खिशात ठेवला आणि तो गाडीकडे गेला. आत बसून त्याने दार लावलं. बाहेर ऊन चांगलं होतं. त्याने काच खाली केली, पाण्याचा एक घोट घेतला आणि नंबर लावला. साधा कॉल, व्हिडिओ नाही.

राधिकाने उचलला. “भाऊजी, यांचा मेसेज आला,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “मी इथंच बसते. देते आईंना.”

“सुमंतराव? पुन्हा केला?” आईचा आवाज आला.

“हो आई. एक सांगायचं होतं.”

“सांगा न.”

सुमंतने दुसरा हात स्टिअरिंगवर ठेवला. वाक्य तयार होतं. गाडी चालवताना, आंघोळ करताना, झोप लागत नसताना त्याने ते इतक्यांदा म्हटलं होतं, की आता त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“आज फार गोड दिसत होती हो,” आईच पुढे म्हणाली. “पण वजन उतरलं तिचं.”

“हो. उतरलंय थोडं.”

“जेवत नाही का?”

“जेवते. कमी जेवते.”

“अन् झोप?”

आठ महिने लोक त्याला विचारत होते, तुला झोप लागते का. मित्र, डॉक्टर, शेजारचा म्हातारा, सगळे. उत्तरा कशी झोपते, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“लागते,” तो म्हणाला. “कुशीवर झोपते.”

“डाव्या.”

“हो, डाव्या.”

“लहानपणापासून तशीच. पाय पोटाशी घेऊन. मी म्हणायची, सरळ झोप, उंची वाढणार नाही.”

“अजूनही तशीच झोपते. निम्मं पांघरूण तिच्याकडेच असतं.”

आई हसली. सुमंतने सीट थोडी मागे केली.

“काल रात्री उठली आणि खिडकी उघडली तिने,” तो म्हणाला. “एवढ्या थंडीत. मी म्हटलं अगं काय करतेस. तर म्हणे...” त्याला आठवलं की घसा आहे. “खुणेनंच म्हणाली, उकडतंय.”

“उष्ण प्रकृती तिची. सब्जा देत जा.”

“देतो. सकाळी अंगणात गेली होती. शेवंतीला कळ्या आल्यात. त्या मोजत बसली होती.”

“हो का? किती आल्या?”

“एकवीस.”

मागच्या आवारात शेवंती लावलेली नव्हती. बोलता बोलता त्याने समोर पाहिलं. कुंपणाच्या दाराशी रुही येऊन उभी राहिली होती, पुन्हा झग्यात, पुन्हा पांढऱ्या टोपीत. ती गाडीकडेच बघत होती. तिने हनुवटी जराशी वर केली. झालं का?

सुमंतने फोन कानाला धरूनच मान हलवली. हो.

रुहीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग झगा दोन्ही हातांनी वर उचलून ती पार्किंगमधून भराभर गाडीकडे यायला लागली.

“रुही आली वाटतं,” सुमंत म्हणाला.

“आली का? बरं झालं. मग उत्तराला म्हणा, आधी तिला ओवाळ. बाकीचं राहू दे.”

“म्हणतो,” सुमंत म्हणाला आणि फोन बंद केला.

रुही खिडकीपाशी पोहोचली. तिला धाप लागली होती. तिने फोनसाठी हात पुढे केला. मग तो बंद आहे हे बघून मागे घेतला.

“ठेवला तिने?”

“हो.”

“रडली?”

“नाही.”

“काहीच नाही म्हणाली?”

“तुला ओवाळायला सांगितलंय,” सुमंत म्हणाला.

रुही खाली वाकली. खिडकीच्या कडेवर कपाळ टेकून ती रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. फेब्रुवारीपासून त्याने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्याने तिच्या टोपीवर हात ठेवला. पुढच्या ग्रुपची मुलं दाराशी रांगेत उभी राहून इकडे बघत होती.

मांडीवरचा फोन थरथरला. नागपूरहून व्हिडिओ कॉल होता. सुमंतने दुसऱ्या हाताने तो उचलला आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर पालथा ठेवला.